रेअरकाकूंचं पांढरं पान

हिरवं पान दिसलं की रेअरकाकूंच्या कपाळाला आठी पडायची. पान जितकं तुकतुकीत, जितकं निरोगी, तितकी आठी खोल. कुणाच्या गॅलरीत भरगच्च वेल चढलेली असावी, आपण सहज "किती छान" म्हणावं, आणि त्यांनी मान दुसरीकडे वळवून म्हणावं, "छान काय त्यात? लोकल आहे. नाल्याच्या काठानं पण उगवतं." त्यांना पान हवं असायचं ते अर्धं पांढरं, नाहीतर चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखं, नाहीतर मधोमध गुलाबी पट्टा आलेलं. थोडक्यात, ज्यात काहीतरी बिघडलंय असं. शिवाय ते बिघडलेलं पान इंदुरात दुसऱ्या कुणाकडे असता कामा नये.

त्या मला आवडत नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते. चार-पाच वर्षं मी जवळजवळ रोज त्यांच्या शेजारी बसले, त्यांचा चहा प्यायले, त्यांच्या कुंड्यांवर पाणी फवारलं, आणि त्या आवडाव्यात असा प्रयत्नही करून पाहिला. जमलं नाही. तरी कुणाविषयी लिहावंसं वाटलं की आधी त्याच समोर येऊन उभ्या राहतात, आणि याचाही मला राग येतो.

स्नेहलतागंजमधल्या आमच्या इमारतीत आम्ही पहिल्या मजल्यावर आणि त्या सगळ्यात वर. त्यामुळे गच्ची त्यांच्याच ताब्यात. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, मुलगा पुण्याला. प्रत्येक झाडाची ओळख त्या "रेअर आहे" अशी करून देत, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना रेअरकाकू म्हणायला लागले. तोंडावर नुसतं काकू. तोंडावर काही बोलायची मला सवयच नव्हती.

मी अकरावीत असताना त्यांनी मला पहिल्यांदा वर बोलावलं. त्यांच्या फोनवर झाडंवाल्यांचे ग्रुप होते. कुणी कोचीचं, कुणी बंगळूरचं, एकजण तर थेट बँकॉकचा. सगळी बोलणी इंग्रजीत. काकू मराठी शाळेत शिकलेल्या, पुढे हिंदीत, आणि मी कॉन्व्हेंटमधली. "बेटा, तुझं इंग्रजी नुसतं पडून आहे," त्या म्हणाल्या. "जरा माझ्या कामाला लाव." आणि फोन माझ्या हातात दिला.

"लिही, पान उलटं करून फोटो पाठवा. देठ पण दिसला पाहिजे."

मी लिहिलं.

"आता लिही की मला काही खास गरज नाही. असलं तर असू द्या."

मी तेही लिहिलं. मग जिला काही खास गरज नव्हती ती बाई फोन मांडीवर ठेवून, काकांचं ताट वाढायचं विसरून, उत्तर येईपर्यंत जागची हलत नसे.

"तू बरी आहेस," त्या एकदा म्हणाल्या. "तोंडच उघडत नाहीस. तुला सांगितलेलं कुठे जात नाही." मला ती स्तुती वाटली. सोळाव्या वर्षी माणूस कशालाही स्तुती समजतो.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की काकूंना झाडं आवडतच नाहीत. त्यांना झाड येणार असणं आवडतं. पार्सल कुठवर पोचलं हे त्या मला दिवसातून चार वेळा बघायला लावत. "नागपुरात का अडकलं? नागपुरात काय काम आहे त्याचं?" खोकं आलं की ते पाटावर ठेवायचं. चिकटपट्टी त्या स्वतः कापत, मला हात लावू देत नसत. आतून ओलं शेवाळ निघे, मग कागद, मग दोन पानांचं, प्रवासानं दमलेलं रोप. ते उजेडात धरून त्या फिरवून फिरवून बघत, आणि साधारण पाच मिनिटांत त्यांचा चेहरा उतरत असे. रोप रांगेत जाऊन बसे. संध्याकाळपर्यंत दुसऱ्याच कुठल्या झाडाचा फोटो माझ्या नाकासमोर आलेला असे. "हे बघ. याच्यापुढे आजचं काहीच नाही." आजचं अजून पाणीसुद्धा प्यायलेलं नसायचं.

आईला मंगळसूत्र ओवून घ्यायचं होतं तेव्हा काकू आमच्याबरोबर सराफ्यात आल्या होत्या. दुकानदार त्यांच्यापुढे एकेक डबी उघडत होता आणि त्या छताच्या पंख्याकडे बघत बसल्या होत्या. "सोन्यात काय आहे सुनीता," बाहेर पडल्यावर त्या आईला म्हणाल्या, "सगळ्यांकडेच असतं." आईला ते फार आवडलं. ती काकूंना वहिनी म्हणे. घरी येऊन बाबांना सांगितलं, वहिनींना मोह म्हणून नाही. जगात एकच बांगडी असती तर वहिनींनी त्या दुकानात मुक्काम ठोकला असता.

त्यांची बहुतेक झाडं दमट हवेतली. इंदूरच्या मे महिन्यात ती जगवायची म्हणजे गच्चीलगतच्या खोलीला हिरवी जाळी, ओली गोणपाटं आणि घरातला एकुलता एक कूलर. काका बनियनवर जिन्याच्या पायरीवर बसून वर्तमानपत्रानं वारा घेत.

"काका, आत बसा ना," मी एकदा म्हणाले.

"आत त्यांना गर्दी होते," काका म्हणाले. "आणि मी लोकल व्हरायटी आहे बेटा. मला ऊन चालतं."

आतून काकूंचा आवाज आला, "तिला उगाच काही शिकवू नका. आणि दार लावा, लू आत येतेय."

सिमरोलच्या रस्त्यावर मुकेश नावाच्या माणसाची नर्सरी होती. काकू मला रिक्षात घालून तिथे नेत. मुकेशला काकू पाठ होत्या. एकदा त्यानं आतून एक कुंडी दोन्ही हातांत धरून आणली, काळपट पानांवर चांदीची जाळी असलेली. "आंटीजी, लास्ट पीस है. पूरे इंदौर में सिरफ आपके पास रहेगा." काकूंनी ती तान्ह्या मुलासारखी कडेवर घेतली. मग हात धुवायला म्हणून त्या शेडच्या मागे नळावर गेल्या आणि परत आल्या त्या वेगळ्याच. त्यांनी कुंडी होती तिथे ठेवून दिली.

"क्या हुआ आंटीजी?"

"कुछ नहीं भिया. पीछे बीस रखे हैं."

मुकेश जराही ओशाळला नाही. "तो क्या हुआ? आपका वाला तो वोही है ना."

मला मुकेशचं म्हणणं पटलं. पान तेच होतं, जाळी तीच होती, मघाशी ज्याला त्या गाल लावत होत्या तेच झाड होतं ते. रिक्षात बसल्यावर काकू म्हणाल्या, "त्यानं फसवलं म्हणून नाही गं. मनच उतरलं त्याच्यावरून." त्या खरोखर दुःखी दिसत होत्या. एखाद्या झाडाला भावंडं आहेत म्हणून माणूस इतका दुःखी झालेला मी आधी पाहिला नव्हता.

मागायला आलेल्या माणसाला काकू कधी नाही म्हणत नसत. दुसऱ्या मजल्यावर पाठकबाई राहत, शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. त्यांनी एकदा काकूंच्या एका ठिपक्यांच्या वेलीचा तुकडा मागितला. काकूंनी लगेच कात्री घेतली, सुंदरसं पान देठासकट कापून ओल्या कागदात गुंडाळून दिलं. बाई आशीर्वाद देत खाली गेल्या. मग काकूंनी मला वेलीचा दांडा दाखवला. पान जिथून फुटतं तिथे दांड्यावर एक गाठ असते. तिला पेर म्हणतात. नवा कोंब येतो तो फक्त पेरातून. पेर न घेता नुसतं पान कापलं तर पाण्यात त्याला मुळं फुटतात, ते महिनोन्‌महिने ताजं राहतं, पण त्याला दुसरं पान कधीही येत नाही.

"नाही म्हटलं तर लोकांत वाईट दिसतं," काकू म्हणाल्या. "दिलं तर आपलं रेअर राहत नाही. म्हणून असं द्यायचं."

पाठकबाई जिन्यात भेटल्या की विचारत, "अगं, मुळं तर केवढी आलीत. पण वाढतच नाही." काकू म्हणत, "धीर ठेवा बाई. नाजूक जात आहे." मी शेजारी उभी असे. बाईंना शेवटपर्यंत वाटत राहिलं की त्यांचा हातच वाईट आहे.

त्यांची झाडं सांभाळायची पद्धतही याच्याच जातीची होती. पानाचा पांढरा भाग स्वतःचं अन्न करू शकत नाही. शेजारचा हिरवा भाग त्याला पोसतो. झाड बिचारं सारखं हिरवं व्हायला बघत असतं, मधूनच एखादा जोमदार हिरवा कोंब काढतं. काकू रोज सकाळी चष्मा लावून कात्री घेऊन बसत आणि असे सगळे हिरवे कोंब छाटून टाकत. "लक्ष नाही दिलं की लोकल होतात," त्या म्हणत. झाडाची बरं होण्याची प्रत्येक खटपट त्या ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकत होत्या, आणि याला त्या निगा म्हणत.

एवढं सांगून झाल्यावर एक गोष्ट त्यांच्या बाजूची सांगायला हवी, मनात नसलं तरी. कॉलेज संपल्यावर मला एका कंपनीत मुलाखतीला बोलावलं होतं. घरचे सगळे मला धीटपणा शिकवत होते, हसून बोल, डोळ्यांत बघ. काकू एकट्या म्हणाल्या, "काही शिकू नकोस. तू जशी गप्प बसतेस तशी बस. विचारतील तेवढंच सांग. आपल्याला त्यांची खास गरज नाही असं वाटलं पाहिजे त्यांना. त्यांना वाटू दे की तू लास्ट पीस आहेस." मी तशीच बसले. नोकरी मिळाली. माझ्या गप्प बसण्याची किंमत करणाऱ्या त्या पहिल्याच बाई, आणि ती त्यांनी कोणत्या हिशोबानं केली हे मला माहीत आहे, तरीही.

आता आमच्या वेलीबद्दल.

आमच्या स्वयंपाकघरात सिंकच्या वरच्या खिडकीत, लोणच्याच्या जुन्या काचेच्या बरणीत, मनीप्लांटची एक वेल होती. अगदी साधी, सगळ्या घरांत असते तशी. आईनं ती देवासच्या तिच्या माहेराहून आणलेली. ते घर मामानं विकलं, तिथे आता कुणाचं तरी तीन मजली दुकान आहे. शेवटच्या दिवशी सगळे भांडी आणि पलंग वाटून घेत होते तेव्हा आईनं न्हाणीच्या भिंतीवरच्या वेलीचा तुकडा तोडून रुमालात बांधून आणला. माहेरचं म्हणून तिच्याकडे एवढंच उरलं होतं. ती त्याविषयी कधी बोलत नसे. भांडी घासताना मधूनच एखादं पान ओल्या बोटानं पुसत असे.

एका सकाळी त्या वेलीला नवं पान आलं, ते अर्धं हिरवं आणि अर्धं दुधासारखं पांढरं. मधोमध सुरीनं कापल्यासारखी रेघ. आई म्हणाली, "अगंबाई, याला काय झालं?" मी ओळखलं. चार वर्षं त्या ग्रुपमध्ये मी हेच तर वाचत होते, की कुणाच्या तरी साध्याशा वेलीला कधीतरी आपोआप असं पान येतं आणि मग सगळे त्याच्यामागे लागतात. मी आईला सांगणार होते. खरंच सांगणार होते. तेवढ्यात काकू विरजण मागायला खाली आल्या.

त्यांनी पान बघितलं आणि वाटी ओट्यावर ठेवली. माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा पानाकडे, आणि अगदी सहज आवाजात म्हणाल्या, "सुनीता, हा रोग आहे गं."

"रोग?"

"पांढरा रोग. एकीकडून दुसरीकडे जातो. तुझ्या तुळशीला लागेल. मी वर नेते, औषध मारते. बरी झाली की आणून देते."

आई घाबरली. "वहिनी, वाचेल ना? माझ्या माहेरची आहे ती."

"बघते मी."

त्यांनी वेल मुळांसकट उचलली, पाणी निथळवलं, पदरात घेतली. "बरणी राहू दे," त्या म्हणाल्या. "बरणी चांगली आहे." आईनं त्यांना विरजण दिलं, वर थोडे बेसनाचे लाडू दिले आणि दारापर्यंत जाऊन म्हणाली, "वहिनी, तुमच्यामुळे लवकर कळलं."

मी ओट्यापाशी उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं, तेही आपल्या घरात, आपल्या आईशी. बोलले नाही. मी स्वतःला सांगितलं की मोठ्या माणसाला खोटं पाडता येत नाही. खरं म्हणजे काकूंनी माझ्याकडे ज्या खात्रीनं बघितलं, तिला मी तडा जाऊ दिला नाही. तुला सांगितलेलं कुठे जात नाही, ही माझी ख्याती होती, आणि मला ती जपावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वर बोलावलं. वेल तांब्याच्या पसरट भांड्यात मांडली होती आणि कूलरचं तोंड तिच्याकडे वळवलं होतं.

"लिही बेटा. माझ्याच संग्रहात आपोआप उगवलं."

माझे अंगठे फोनवर थांबले.

"लिही ना. नाव काय ठेवू? चंद्रावरून काहीतरी इंग्रजी दे."

मी "इंदूर मून" असं नाव दिलं आणि माझ्याच संग्रहात आपोआप उगवलं असं लिहिलं. ग्रुपवर नुसती झुंबड उडाली. बँकॉकचा माणूस, ज्यानं दोन वर्षांत काकूंना एका शब्दाचं उत्तर दिलं नव्हतं, तो मॅडम मॅडम करायला लागला. काकू गालातल्या गालात हसत होत्या. "लिही, मला द्यायची काही खास गरज नाही."

पुढचे काही महिने आई जिन्यात विचारत राहिली, "वहिनी, वेल बरी झाली का?" आणि काकू म्हणत राहिल्या, "हट्टी रोग आहे गं. वेळ लागेल." तिकडे वर त्या रोज सकाळी हिरवे कोंब छाटत होत्या. आईच्या माहेरची वेल त्यांच्या हातून तुकड्यातुकड्यानं बादलीत जात होती.

एका सकाळी कचऱ्याची गाडी यायच्या आधी मी जिन्यात ठेवलेल्या त्यांच्या ओल्या कचऱ्याच्या बादलीत हात घातला. चहाचा चोथा, पपईची सालं, आणि खाली एक वीतभर हिरवी फांदी, दोन चांगल्या पेरांची. घरी आणून धुतली आणि त्याच बरणीत ठेवली. बरणी आईनं पालथी घालून तशीच ठेवली होती.

"ही कुठून आली?" आईनं विचारलं.

"काकूंनी पाठवली," मी म्हणाले. "बरी झालेली फांदी आहे."

माझ्याही तोंडून किती सराईत खोटं निघालं. आईनं त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी केली आणि डबा घेऊन आभार मानायला वर गेली. मी मागोमाग. आईनं काकूंचे हात हातात घेतले. काकूंना आधी काही कळेना, मग त्यांची नजर माझ्यावर आली आणि सगळं कळलं. त्या एक क्षणही अडखळल्या नाहीत. "अगं, आपली म्हणून दिली," त्या म्हणाल्या आणि डबा घेतला. दोन दिवसांनी डबा रिकामा परत आला. तो द्यायला काका आले होते.

वरची वेल पांढरी होत गेली. काकूंना प्रत्येक नवं पान आधीच्यापेक्षा पांढरं हवं होतं, आणि ते येतही होतं. कोचीच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कळकळीनं लिहिलं की मॅडम, थोडा हिरवा भाग राहू द्या, नाहीतर ती उपाशी मरेल. मी ते काकूंना मराठीत वाचून दाखवलं.

"याला हवी आहे," काकू म्हणाल्या. "माझी हिरवी झाली की याची चांदी. मला शिकवतोय."

"ते खरं सांगताहेत, काकू." एवढं मी बोलले.

"तू भोळी आहेस. इथे खरं कुणी सांगत नाही."

त्यांनी उरलेली हिरवट पानंही काढून टाकली. मे महिन्यात ती वेल पूर्ण पांढरी होती. चार पानं, एकावरही हिरवा ठिपका नाही. खरं सांगायचं तर इतकं सुंदर काही मी आजवर पाहिलेलं नाही. तीन आठवड्यांत पानांच्या कडा तपकिरी झाल्या, मग दांडा पाण्यात मऊ पडला. काकू भांड्यासमोर वेताच्या मोढ्यावर बसून राहिल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मागच्या महिन्याचे फोटो आहेत ना तुझ्याकडे? त्यातला एक टाक."

मी टाकला. पुढे दोन महिने मी दर आठवड्याला एक टाकत होते. लोक वाहवा करत होते, काकू ती वाहवा मला मोठ्यानं वाचायला लावत होत्या, आणि तांब्याचं भांडं केव्हाच घासून फळीवर गेलं होतं. तेव्हा मला कळलं की त्यांना झाडाचीसुद्धा खास गरज नव्हती.

काकांच्या गुडघ्यांना जिना झेपेना तेव्हा मुलानं दोघांना पुण्याला न्यायचं ठरवलं. फ्लॅट लहान, गॅलरी त्याहून लहान. मुकेश टेंपो घेऊन आला आणि सगळी झाडं घेऊन गेला. जाताना तो काकूंदेखत प्रत्येक कुंडी दोन्ही हातांत धरून उचलत होता. काका कूलरकडे बघून म्हणाले, "हा तरी आपल्याबरोबर येतोय ना?"

निघायच्या दिवशी काकू आमच्याकडे आल्या. आईनं चहा टाकला. काकू खिडकीपाशी गेल्या. बरणीतली वेल आता चांगली वाढली होती, खिडकीच्या गजाला दोन वेढे घालून खाली आली होती. सगळी हिरवी. मला वाटलं, आता आठी पडेल. त्यांनी एक पान बोटांत धरलं, उलटं करून बघितलं, सोडून दिलं.

"एक तुकडा देतेस?"

"लोकल आहे काकू," मी म्हणाले. "तुम्हाला कशाला?" आयुष्यात त्यांना दिलेलं ते माझं पहिलं उलट उत्तर.

"तिथे मला कुणी ओळखत नाही गं," त्या म्हणाल्या. "काहीतरी हिरवं असू दे."

आई मागून म्हणाली, "अगं विचारतेस काय, त्यांनीच तर वाचवली. दे ना."

मी कात्री घेतली. त्या खरंच घर सोडताना एक साधं पान मागत होत्या, की या वेलीत पुन्हा कधीतरी पांढरं पान येईल हे त्यांना माहीत होतं म्हणून मागत होत्या, ते मला आजही ठरवता येत नाही. तेव्हा मी ठरवायच्या भानगडीत पडलेच नाही. एक मोठं, सुंदर पान बघितलं, देठासकट कापलं, पेर वेलीवरच ठेवलं. ओल्या कागदात गुंडाळून दिलं.

काकूंनी कागद उघडला. देठाचं टोक उजेडात धरलं, त्यावरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. पार्सल उघडताना पहिल्या मिनिटाला त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसा झाला होता.

"शिकलीस," त्या म्हणाल्या.

आणि पान परत कागदात गुंडाळून, पर्समध्ये सगळ्यात वर, चेंगरणार नाही असं ठेवलं.

पुण्याहून त्यांचा महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो. आईशी बोलून झालं की त्या मला बोलावतात. "पान मस्त आहे. मुळं केवढी आलीत, ग्लास भरून गेला. रोज पाणी बदलते." वाढतंय का, हे मी विचारत नाही आणि त्याही सांगत नाहीत. मागच्या महिन्यात काकांनी फोटो पाठवला. खिडकीत स्टीलच्या जाळीवर काचेचा ग्लास, त्यात ते एक पान. शेजारी काकू, हातात चहा, पानाकडे बघत. मागे कूलर होता.

तो फोटो बघून मला स्वतःची लाज वाटली. पाठकबाई आठवल्या. मी ठरवलं की दोन पेरांची चांगली फांदी पाठवायची, कुरिअरनं, ओल्या शेवाळात, काकूंकडे पार्सलं यायची तशी बांधून. आईला सांगितलं, तिनंच खोकं शोधून दिलं. रविवारी सकाळी कात्री घेऊन मी खिडकीपाशी गेले.

वेलीच्या टोकाला पान नुकतं उलगडलं होतं. एक बाजू हिरवी, एक बाजू दुधासारखी, मधे सरळ रेघ.

मी कात्री ओट्यावर ठेवली. आई मागून आली. "पाठवतेस ना काकूंना?"

"थांब जरा," मी म्हणाले. "रोग आलाय वाटतं तिला."

"बाई गं, परत तोच?"

"मी बघते," मी म्हणाले, आणि बरणी उचलून माझ्या खोलीत नेऊन ठेवली.